एकच दिवस आहे : मॉलवरचं विमान-संग्रहालय की डलेसजवळचं उडवार-हेझी?

आकाशवेडा_सातारा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे मेरीलँडला जातोय. मला शाळेत असल्यापासून विमानांचं वेड आहे, पुण्याला भावाकडे गेलो की लोहगावच्या बाजूला जाऊन सुखोई उतरताना बघत उभं राहायचं हा माझा ठरलेला कार्यक्रम. तर आता स्मिथसोनियन या अमेरिकन संस्थेचं विमान आणि अवकाश संग्रहालय बघायचंच आहे. पण लेकीने सांगितलं की ते दोन ठिकाणी आहे, एक वॉशिंग्टन शहरात नॅशनल मॉलवर (दुकानांचा मॉल नव्हे, संग्रहालयांच्या मधलं मोठं मैदान) आणि दुसरं व्हर्जिनियात डलेस विमानतळाला लागून, उडवार-हेझी सेंटर म्हणतात ते. तिला सुट्टी एकच दिवस आहे. दोन्ही होणार नाही. सौंना विमानांची विशेष आवड नाही पण माझ्यासाठी येते म्हणाली आहे, आणि तिचे गुडघे फार चालू देत नाहीत. जाणकारांनी सांगावं कुठे जाऊ, किती वेळ लागेल, कॅमेरा चालतो का. आणि काय चुकवू नये तेही सांगा.

रेवती_व्हर्जिनिया

काका, डोळे मिटून उडवार-हेझी. मी तिथून वीस मिनिटांवर राहते आणि घरी पाहुणे आले की आधी तिकडेच नेते.

कारण सांगते. मॉलवरच्या संग्रहालयात विषयवार दालनं आहेत, माहिती छान आहे, पण इमारत १९७६ ची, मोठी विमानं तिथे मावतच नाहीत. आणि मोठी आणि दुर्मिळ विमानं एका छपराखाली उभी करायची म्हणूनच तर २००३ मध्ये डलेसजवळ हे बांधलं. उडवार-हेझी हे विमानं भाड्याने देण्याच्या धंद्यात मोठे झालेले हंगेरियन वंशाचे गृहस्थ, त्यांनी साडेसहा कोटी डॉलर दिले म्हणून त्यांचं नाव. मुख्य हँगर दहा मजली उंच आहे आणि विमानं तीन थरांत आहेत, जमिनीवर, मध्ये आणि छताला टांगलेली. बाजूने उंचावरचे पादचारी पूल आहेत त्यावरून टांगलेली विमानं अगदी डोळ्यांसमोर येतात.

दारातून आत शिरलात की डोक्यावर एक चिमुकलं लाल-पांढरं पिट्स स्पेशल उलटं टांगलेलं दिसतं, बेटी स्केल्टन या वैमानिक बाईंचं. आणि समोर खाली बघितलं की एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे टेहळणी विमान, नाक तुमच्याकडे करून. त्याच्या मागे सरळ रेषेत, दुसऱ्या हँगरमध्ये, डिस्कव्हरी हे नासाचं अवकाशयान, शटल म्हणतात ते. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण त्या कठड्याशी थांबतोच, मी कितीतरी लोकांना तिथे न बोलता उभं राहिलेलं पाहिलंय.

प्रवेश फुकट. गाडीचं पार्किंग १५ डॉलर, पण चार वाजल्यानंतर आलात तर तेही नाही. सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच. फोटो काढा हवे तेवढे, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक मात्र नाही. काकूंसाठी व्हीलचेअर तिथे फुकट मिळते, लिफ्ट आहे, सगळं सपाट आहे. वेळ? काकूंच्या हिशेबाने दोन तास, तुमच्या हिशेबाने दार बंद होईपर्यंत.

पंख्या

काका, विमान दिसलं की मान वर आणि काकू निघू म्हणाल्या की मान खाली, एवढं जमवा, दिवस छान जाईल :)

मृदुला_क

रेवती, थोडी असहमत. एकच दिवस आणि आयुष्यात बहुधा एकदाच, तर मॉल का नको? राइट बंधूंचं १९०३ चं खरंखुरं फ्लायर विमान तिथे आहे. लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक पार केला ते स्पिरिट ऑफ सेंट लुईस तिथे. अपोलो ११ मधले तिघे ज्यात बसून चंद्रावरून परत आले ते कोलंबिया यानही तिथे. विमानविद्येची गंगोत्री सोडून डायरेक्ट हरिद्वारला जा म्हणण्यासारखं आहे हे.

शिवाय सौंना विमानांत रस नाही असं काका स्वतः म्हणतायत. मॉलवर कंटाळा आला तर दोन पावलांवर दुसरी संग्रहालयं, बागा, कारंजी, बसायला बाकं. डलेसला विमान नाही आवडलं तर दुसरं विमान, एवढाच पर्याय. फक्त मॉलसाठी वेळेचा पास आधी ऑनलाइन काढावा लागतो, फुकटच असतो पण सुट्ट्यांत लवकर संपतो. आणि तिथे गेली काही वर्षं टप्प्याटप्प्याने नूतनीकरण चाललंय, कुठलं दालन उघडं आहे ते बघून जा.

इंजिनतेल

मृदुलाताई, सर्वसामान्य पर्यटकाला तुमचा सल्ला बरोबर. पण धागाकर्ते लोहगावला कुंपणाबाहेर उभे राहणारे आहेत. अशा माणसाला यंत्र जवळून बघायचं असतं, रिव्हेट मोजता येतील इतकं जवळून. त्यासाठी उडवार-हेझीच.

मी पिंपरीत मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलं, तिकडे गेलो तेव्हा ब्लॅकबर्डच्या भोवती फिरत राहिलो, बरोबरचे लोक पुढे निघून गेले. एसआर-७१ आवाजाच्या तिपटीहून जास्त वेगाने जायचं, त्या वेगात हवेच्या घर्षणाने आणि दाबाने कातडं इतकं तापतं की ॲल्युमिनियम टिकत नाही, म्हणून जवळजवळ सगळं विमान टायटॅनियमचं केलं. तापलं की धातू फुगणार, म्हणून जमिनीवर असताना पत्र्यांचे सांधे मुद्दाम सैल ठेवलेले. त्यामुळे उभं असताना त्यातून इंधन ठिबकायचं, वर जाऊन गरम झालं की सांधे बसायचे. इंधनही खास, जेपी-७ नावाचं, सहजासहजी पेट न घेणारं. आमच्याकडे कुणी सांगितलं असतं की टाकी गळते पण डिझाइन बरोबर आहे तर इन्स्पेक्शनवाल्याने परत पाठवला असता जॉब. पण इथे तेच खरं उत्तर होतं, आणि ज्यांनी ते १९६० च्या दशकात पट्टी आणि कागदावर काढलं त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

आणि तिथे उभं आहे ते विमान साधं नाही. ६ मार्च १९९० ला ते शेवटच्या उड्डाणात लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला १ तास ४ मिनिटं २० सेकंदांत आलं, डलेसला उतरलं आणि संग्रहालयाच्या हवाली झालं. संग्रहालयात येताना विक्रम करून आलेलं विमान! ताशी सरासरी ३,४०० किलोमीटरच्या वर. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत बारा-तेरा मिनिटांत, करा हिशेब.

आकाशवेडा_सातारा

इंजिनतेलसाहेब, हे वाचून अंगावर काटा आला. मृदुलाताई, तुमचाही मुद्दा मनात घोळतोय, राइट फ्लायर न बघता परत यायचं म्हणजे... पण आता कल डलेसकडे झुकतोय. सौंनी धागा वाचला, व्हीलचेअर नको म्हणाली, मी चालेन म्हणते.

नाशिककर_ओझर

काका, तिथे मिग-२१ आहे ते नक्की बघा. माझे वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, आमचं बालपण त्या आवाजात गेलं. आपल्या हवाई दलात मिग-२१ आलं १९६३ मध्ये, चंदीगडला २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, त्यांना फर्स्ट सुपरसॉनिक्स म्हणतात. पहिली जी सहा आली ती एफ-१३ प्रकारची, आणि अमेरिकेतल्या त्या संग्रहालयात जे आहे तेही एफ-१३ च. पुढे एफएल, एम आणि बिस हे प्रकार नाशिकजवळ ओझरलाच बनले. इंजिनं कोरापुटहून यायची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं, आणि सांगाडा आमच्या गावचा.

मी ते तिथे बघितलं तेव्हा आजूबाजूची मंडळी त्याला शत्रूचं विमान म्हणून बघत होती, व्हिएतनाम वगैरे. साहजिक आहे त्यांच्या बाजूने. मला मात्र ते घरचं वाटलं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात गव्हर्नर हाउसवर रॉकेट टाकली ती मिग-२१ नी, दोन दिवसांत शरणागती झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडलाच शेवटचा निरोप झाला तेव्हा वडिलांनी टीव्हीवर सगळा कार्यक्रम बघितला, मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. अपघात झाले, तरुण पोरं गेली, ते विसरता येत नाही आणि विसरू नये. पण बासष्ट वर्षं ज्या विमानाने देशाचं आकाश सांभाळलं त्याला नुसतं उडती शवपेटी म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पंख्या

नाशिककर, +१०००. चहा माझ्याकडून.

तात्या_वरळी

मिगचा विषय निघाला म्हणून एक धागा जोडतो. उडवार-हेझीत दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन फॉके-वुल्फ १९० आहे. ते ज्याने डिझाइन केलं तो कुर्ट टँक. हाच माणूस १९५६ मध्ये बंगलोरला आला, आपल्या एचएएलमधल्या इंजिनियरांबरोबर बसून त्याने एचएफ-२४ मारुत घडवलं, १७ जून १९६१ ला ते उडालं. आशियात बनलेल्या पहिल्या लढाऊ जेटांतलं एक. त्याला पाहिजे तसं ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही, हे दुखणं वेगळं. तरी १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर मारुतांनी चोख काम केलं.

आणि मारुत बघायला अमेरिकेला जायला नको! आपल्या वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभं आहे. पोरं त्याच्या सावलीत डबे खातात. कुर्ट टँकची दोन विमानं, एक तिकडे काचेसारख्या चकचकीत फरशीवर, एक इकडे पावसात. दोन्ही बघितलेली माणसं किती असतील माहीत नाही, आकाशवेडा तुम्ही त्यांत सामील व्हा.

मृदुला_क

तात्या, मी लहानपणी त्या विमानाखाली डबा खाल्लाय आणि मला आज कळतंय ते काय होतं! पाटीवर एवढी गोष्ट लिहिली असती तर?

क्योतोत_सध्या

चर्चा छान चालली आहे, पण एक विषय कुणी काढला नाही म्हणून काढते. एनोला गे तिथेच आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं बी-२९ बॉम्बर.

मी जपानमध्ये राहते, हिरोशिमाचं संग्रहालय आधी बघितलं होतं. तिथे एका लहान मुलाची जळालेली तीन चाकी सायकल ठेवली आहे. त्यानंतर मी व्हर्जिनियात त्या चकचकीत रुपेरी विमानासमोर उभी राहिले. पाटीवर काय, तर पंखांची लांबी, इंजिनं, हवेचा दाब राखणारी केबिन असलेलं पहिलं बॉम्बर वगैरे. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसं गेली, त्याबद्दल त्या पाटीवर नाही. मला ते सहन झालं नाही. विमानाचं कौतुक करणाऱ्या कुणाला मी नावं ठेवत नाही, पण संग्रहालयाने पूर्ण गोष्ट सांगायला हवी असं माझं ठाम मत आहे.

इंजिनतेल

क्योतोत, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण माझ्या मते ते तांत्रिक संग्रहालय आहे, तिथे प्रत्येक लढाऊ विमानाखाली मृतांचा आकडा लिहायचा म्हटलं तर कुठे थांबायचं? अर्धा हँगर युद्धातल्या विमानांचा आहे.

चिकित्सक

इंजिनतेल, त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. १९९५ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, मॉलवरच्या संग्रहालयात एनोला गेचा पुढचा भाग ठेवून मोठं प्रदर्शन आखलं होतं ज्यात बॉम्बचे परिणामही दाखवायचे होते. माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकन काँग्रेसमधून, म्हणजे तिथल्या संसदेतून, इतका विरोध झाला की ते रद्द करावं लागलं, संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. मग नुसतं विमान आणि जुजबी माहिती असं ठेवलं. म्हणजे ती पाटी त्रोटक आहे ती तंत्रज्ञानाच्या प्रेमापोटी नाही, भांडणाच्या भीतीने आहे. मी क्योतोत यांच्या बाजूने. सगळ्या विमानांखाली आकडा नको, पण या एका विमानाने जे केलं ते दुसऱ्या कुठल्याच केलं नाही त्याआधी.

इंजिनतेल

हा इतिहास असा सविस्तर ठाऊक नव्हता. तरी मला वाटतं बघणारा माणूस मनात घेऊन येतोच. कुणालाही हिरोशिमा काय ते सांगावं लागत नाही.

क्योतोत_सध्या

शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना सांगावं लागतं. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा वडिलांना विचारत होता हे एवढं मोठं का चमकतं.

गिरगावकर

सगळं ठीक आहे पण त्या संग्रहालयात शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव कुठे आहे का? १८९५ ला चौपाटीवर राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी मरुत्सखा नावाचं विमान उडवलं आपल्या माणसाने. गोऱ्यांनी दाबून टाकलं सगळं.

पंख्या

आला! वाटच बघत होतो. मंडळी, पॉपकॉर्न.

चिकित्सक

गिरगावकर, राग मानू नका, मी मनापासून विचारतोय. १८९५ सालचा एखादा अंक, तारीख आणि पान कुणाकडे असेल तर इथे टाका. वर्षानुवर्षं विचारतोय, प्रत्येक जण अमक्याने लिहिलंय असं सांगतो आणि तो अमका दुसऱ्या कुणाचा हवाला देतो. चित्र नाही, मोजमाप नाही. तळपद्यांच्या बाजूने ज्याचा दाखला देतात त्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाचं म्हणाल तर बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये ते तपासलं, त्यांचा निष्कर्ष असा की तो ग्रंथ विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत. आपलेच शास्त्रज्ञ, गोरे नव्हेत.

आणि दाबून टाकण्याचं म्हणाल तर याच स्मिथसोनियनची गोष्ट ऐका, फार बोलकी आहे. उडवार-हेझीत लँगली एरोड्रोम ए नावाचं एक विचित्र, चार पंखांचं, चतुरासारखं यंत्र टांगलंय. सॅम्युएल लँगली हे स्मिथसोनियनचे प्रमुख. अमेरिकन सरकारच्या युद्ध खात्याने त्यांना ५०,००० डॉलर दिले होते. पोटोमॅक नदीत घरासारख्या एका बोटीवरून ते यंत्र फेकायचं असा बेत. ७ ऑक्टोबर १९०३ ला फेकलं, पाण्यात. ८ डिसेंबरला परत फेकलं, परत पाण्यात. त्यानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, सायकल दुकानवाल्या राइट बंधूंनी स्वतःच्या खिशातल्या पैशांनी विमान उडवलं.

आता गंमत बघा. १९१४ मध्ये ग्लेन कर्टिसने लँगलीचं यंत्र बऱ्याच दुरुस्त्या करून थोडंसं उचललं, आणि स्मिथसोनियनने पाटी लावली की माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असं हे पहिलं यंत्र. आपल्या माणसाचं नाव मोठं करायला! ऑर्व्हिल राइट इतके चिडले की त्यांनी मूळ फ्लायर १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. अमेरिकेचं पहिलं विमान वीस वर्षं इंग्लंडात. शेवटी १९४२ मध्ये स्मिथसोनियनने जाहीरपणे आपलं म्हणणं मागे घेतलं, मग १९४८ मध्ये फ्लायर परत आलं. मृदुलाताई सांगतात ते मॉलवरचं फ्लायर इतकं फिरून तिथे पोचलंय.

म्हणजे सरकारी पैसा, मोठी संस्था, छापील पाटी सगळं असूनही पुराव्यापुढे वाकावं लागलं. तळपद्यांनी प्रयत्न केला असेल, त्या काळात मुंबईत एक माणूस विमानाचा ध्यास घेतो यातच मला आनंद आहे. पण पहिलं कोण हे ठरवायला पुरावा लागतो, मग तो लँगली असो नाहीतर आपला तळपदे.

गिरगावकर

पुरावे जपायची आपल्याकडे सवयच नव्हती, म्हणून घटना घडलीच नाही असं होत नाही. माझं मत कायम. पण लँगलीचा किस्सा जबरी आहे, ते यंत्र बघायला आवडेल.

तात्या_वरळी

गिरगावकर, सवय नव्हती म्हणता ते शंभर टक्के खरं, आणि आजही नाही हे माझं दुखणं आहे. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ मुंबईत जुहूला उतरवलं, भारतीय विमानसेवा तिथे सुरू झाली. त्या जुहूला आज गेलात तर शाळेच्या मुलाला धरून दाखवावं असं काय आहे? एका हँगरमध्ये चार विमानं, एक पस मॉथची प्रतिकृती, जुनी तिकिटं, एवढं जरी केलं तरी रांगा लागतील. १८९५ साठी भांडू नंतर, १९३२ तर हातात आहे.

रेवती_व्हर्जिनिया

तात्या, अनुमोदन.

काका, मूळ प्रश्नाकडे येते. डिस्कव्हरीबद्दल अजून कुणीच नीट लिहिलं नाही. ३९ उड्डाणं, सगळी मिळून ३६५ दिवस अवकाशात. १९९० मध्ये हबल दुर्बीण हिनेच वर नेली. डिसेंबर २००६ मध्ये सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अवकाशात गेल्या त्या हिच्यातूनच. चॅलेंजर शटल गेलं तेव्हा आणि कोलंबिया नावाचं शटल गेलं तेव्हा, दोन्ही अपघातांनंतर पुन्हा उड्डाण सुरू झालं ते याच यानाने. कोलंबियात आपली कल्पना चावला होती, त्यामुळे मी डिस्कव्हरीसमोर उभी राहिले की ती आठवतेच.

आणि मुख्य म्हणजे तिला धुवून-रंगवून ठेवलेलं नाही. मार्च २०११ ला शेवटची उतरली तशी आहे. पोटाखालच्या उष्णता अडवणाऱ्या काळ्या टाइल्स, प्रत्येकीवर नंबर, कडांना वातावरणात शिरतानाच्या आगीचे ओघळ मागे गेलेले. पांढऱ्या भागावर तव्यावरून काढलेल्या भाकरीवर असतात तसे करपल्याचे डाग. फोटोत हे दिसत नाही, शटल म्हणजे पांढरंशुभ्र असंच आपल्या डोक्यात असतं. मागची तीन मोठी नळकांडी मात्र नकली आहेत हां, खरी इंजिनं नासाने पुढच्या रॉकेटसाठी काढून घेतली.

त्याच हँगरमध्ये एक रुपेरी कॅरव्हान दिसेल, ती चुकवू नका. अपोलो ११ चे तिघं चंद्रावरून काही जंतू घेऊन आले असतील या भीतीने त्यांना त्यात कोंडून ह्यूस्टनला नेलं होतं. करोनानंतर ती बघताना वेगळंच वाटतं.

अभय_ह्यूस्टन

डिस्कव्हरी बघायची तर बघून घ्या काका. २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने एक अवकाशयान नासाच्या केंद्राकडे हलवायला ८.५ कोटी डॉलर मंजूर केलेत आणि टेक्ससच्या सिनेटरांना डिस्कव्हरी इकडे ह्यूस्टनला हवी आहे. आणि मी ह्यूस्टनचा असून सांगतो, मिशन कंट्रोल आमच्याकडे होतं, शटलचे अंतराळवीर इथे राहिले, इथेच शिकले, त्यामुळे एखादं खरं शटल आमच्याकडे असायला हवं होतं हे माझं मत आहे. २०११ ला निवृत्त शटलांचं वाटप झालं तेव्हा आमच्यावर अन्याय झाला.

रेवती_व्हर्जिनिया

अभय, अन्याय झाला असेल, पण उपाय हा नाही. नेणार कसं? शटल पाठीवर घेऊन उडणारी ७४७ दोनच होती, दोन्ही निवृत्त. त्यातलं एक, एप्रिल २०१२ मध्ये डिस्कव्हरीला डलेसला घेऊन आलं होतं तेच, आता तुमच्याच ह्यूस्टनला संग्रहात उभं आहे! स्मिथसोनियनचं म्हणणं आहे की हलवायची तर बऱ्यापैकी सुटी करावी लागेल. त्या टाइल्स आणि ते ओघळ एकदा तुटले की परत येत नाहीत. आमच्या भागातलं आहे म्हणून बोलत नाही, मुंबईला नेणार म्हणाले असते तरी मी विरोध केला असता.

अभय_ह्यूस्टन

मुंबईला नेणार असते तर मी पाठिंबा दिला असता :) पण सुटी करण्याच्या मुद्द्याला उत्तर नाही माझ्याकडे. तोडून आणलेली मलाही नको.

आकाशवेडा_सातारा

मंडळी, जाऊन आलो! उडवार-हेझीलाच गेलो. मृदुलाताई, क्षमस्व, मॉल पुढच्या खेपेला.

दहाला दार उघडलं तेव्हा आम्ही रांगेत पुढेच होतो. लँगलीचं यंत्र शोधून काढलं, मिगपाशी नाशिककरांच्या वडिलांच्या नावाने फोटो काढला, फॉके-वुल्फपाशी तात्या आठवले. एनोला गेपाशी पुलावरून काचेच्या नाकात डोकावून बघितलं आणि क्योतोत यांचं पटलं, पाटी खरोखर कोरडी आहे. तिथे एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ स्वयंसेवक मार्गदर्शक होते, हवाई दलातले निवृत्त. त्यांची फुकट सहल होती दीड तासाची. लेकीने त्यांना सांगितलं बाबांना फार वेड आहे, तर त्यांनी सहल संपल्यावर मला बाजूला घेऊन कॉनकॉर्डजवळ नेलं. एअर फ्रान्सचं आहे ते, २१ जानेवारी १९७६ ला पॅरिस-रिओ पहिली प्रवासी फेरी त्याच विमानाने केली. उड्डाणात तापून त्याची लांबी पंधरा-वीस सेंटिमीटर वाढायची म्हणे, आणि खिडक्या तळहाताएवढ्या. त्याच्या बाजूला बोइंगचं पिवळं-तपकिरी डॅश ८०, ७०७ या प्रवासी जेटचा जन्मदाता, १९५५ मध्ये टेक्स जॉन्स्टन नावाच्या चाचणी वैमानिकाने गिऱ्हाइकांसमोर चक्क गिरकी मारून दाखवली होती त्याची. एवढ्या मोठ्या प्रवासी विमानाची! ते सांगताना त्या आजोबांनी हाताने गिरकी मारून दाखवली.

सौ. सगळ्यांत जास्त रमली ती दुरुस्तीच्या हँगरमध्ये. वरून काचेतून खाली काम चाललेलं दिसतं. बी-२६ मरॉडर बॉम्बर, फ्लॅक-बेट नावाचं, दोनशेच्या वर मोहिमा केलेलं, त्याच्या पत्र्यावर गोळ्यांनी पडलेल्या भोकांवर ठिगळं लावलेली आहेत आणि ही माणसं ती ठिगळं जशीच्या तशी जपतायत. सौंचं शिवणाचं दुकान होतं, ती म्हणाली ठिगळ ज्याने लावलं त्याचा हात चांगला होता. अर्धा तास हलली नाही. मग आम्ही निरीक्षण मनोऱ्यावर गेलो, तिथून डलेसची धावपट्टी दिसते, एकामागून एक उतरत होती. साडेपाचला हाकलेपर्यंत होतो.

इंजिनतेल

वहिनींना माझा नमस्कार सांगा. ठिगळ बघून हात ओळखणं ही खरी कारागिराची नजर.

मृदुला_क

काका, माफी कसली! मीच आता मिस्टरांना म्हटलंय पुढच्या वेळी डलेस. फोटो टाका ना.

गोंयकार

हांव बरोच उशिरा आलो. काकांनू, तिथे लॉकहीड कॉन्स्टेलेशन होतं ना, तीन शेपट्यांचं? तसंच सुपर कॉन्स्टेलेशन आमच्याकडे गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमान संग्रहालयात उभं आहे. एअर इंडियात प्रवासी नेले, मग हवाई दलात गेलं, मग नौदलात समुद्रावर टेहळणी केली. १९९८ साली हे संग्रहालय उघडलं. विक्रांतवरून उडालेली सी हॉक आणि अलीझे विमानंही तिथेच. गोव्यात येणारे लोक विमानतळावर उतरतात आणि सरळ किनाऱ्यावर पळतात, दाबोळीहून इतकं जवळ असून बघत नाहीत याचं वाईट वाटतं. उघड्यावर आहेत सगळी, खाऱ्या वाऱ्यात. तात्या म्हणतात तसं छप्पर पाहिजे.

आकाशवेडा_सातारा

गोंयकार, होय, तीन शेपट्यांचं बघितलं. दिवाळीनंतर गोव्याला येतो, सौंनी होकार दिलाय.

प्रवासी_जळगाव

धागा वाचून राहवलं नाही म्हणून विचारतो. मला डलेसला सात तासांचा ले-ओव्हर आहे, पुढे शिकागोचं विमान. तेवढ्यात उडवार-हेझी होईल का? सामान बरोबर असेल.

रेवती_व्हर्जिनिया

होईल, पण घाई करू नका. भारतातून येत असाल तर इमिग्रेशन डलेसलाच होईल, त्याला दोन तास धरा. मोठ्या बॅगा कस्टम्सनंतर तिथेच पुढच्या विमानासाठी परत द्या, हातात फक्त छोटी पिशवी ठेवा, संग्रहालयाच्या दारात सुरक्षा तपासणी आहे आणि मोठं सामान ठेवायची सोय धरून चालू नका. विमानतळावरून फेअरफॅक्स कनेक्टरची ९८३ नंबरची बस थेट जाते, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. पुढच्या विमानाच्या अडीच तास आधी परत या. म्हणजे हातात दोन तास उरतात. आत शिरलात की सरळ चालत ब्लॅकबर्ड, तिथून डिस्कव्हरी, येताना कॉनकॉर्ड आणि एनोला गे. मनोरा सोडा, विमानं तुम्हाला पुढे बसायचीच आहेत. निघायच्या आधी बसचं वेळापत्रक बघा, शनिवार-रविवारी फेऱ्या वेगळ्या असतात.